पहाटे ४:४० ची याचिका : महमूद खलील प्रकरणाचा अभ्यास

कोलंबिया विद्यापीठातल्या गाझा-समर्थक आंदोलनात विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणी करणारे महमूद खलील यांच्यावर अमेरिकेत एकाही गुन्ह्याचा खटला भरला गेला नाही. तरी त्यांनी १०४ दिवस कोठडीत काढले, पहिल्या मुलाचा जन्म फोनवरून ऐकला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध हद्दपारीचा आदेशही निघाला. त्यांना उचललं तेव्हा आपल्याकडेही बातम्या झाल्या, पण चर्चा लगेच ‘पॅलेस्टाइनच्या बाजूचे की विरोधातले’ या फाट्यावर गेली आणि तिथेच अडकली. मला या प्रकरणातली सगळ्यात गंभीर बाब दुसरीच वाटते. परदेशी माणसाला अमेरिकेत सरकारला न आवडणारं बोलायचा हक्क आहे का, हा प्रश्न न्यायाधीशापर्यंत पोचायच्या आधी वेगळाच वाद मिटवावा लागतो. अटकेनंतर माणूस किती वाजता कुठल्या राज्यात होता आणि कुठल्या कोर्टाने त्याचं ऐकायचं? खलील प्रकरणात वर्षभराची बहुतेक ताकद या वादातच खर्ची पडली.

कोलंबियातला मध्यस्थ

खलील यांचा जन्म १९९५ चा, सीरियातल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कुटुंबातला. तिथे यादवी पेटल्यावर ते लेबनॉनला गेले, बैरुतमध्ये शिकले, तिथल्या ब्रिटिश दूतावासाच्या सीरियाविषयक कार्यालयात नोकरी केली. नागरिकत्व अल्जीरियाचं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी व्हिसावर ते न्यूयॉर्कला आले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहार विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दाखल झाले. पत्नी नूर अब्दल्ला अमेरिकन नागरिक, व्यवसायाने दंतवैद्य. २०२४ मध्ये खलील यांना ग्रीन कार्ड मिळालं, म्हणजे कायमस्वरूपी राहण्याचा परवाना. अटकेच्या वेळी ते व्हिसावरचे विद्यार्थी नव्हते. हा मुद्दा पुढे फार कामाचा आहे.

कोलंबिया म्हटलं की मराठी माणसाला बाबासाहेब आठवतात. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते तिथे गेले. त्यांचा अर्धपुतळा आजही तिथल्या लेहमन ग्रंथालयात आहे आणि ते ग्रंथालय आंतरराष्ट्रीय व्यवहार विभागाच्याच इमारतीत आहे. खलील यांचे वर्ग त्याच विभागाचे. हा उल्लेख मी भावनेपोटी करत नाही. खलील यांच्या सुटकेसाठी ज्या अर्जाचा उपयोग झाला तो हेबियस कॉर्पसचा, म्हणजे आपल्या राज्यघटनेतल्या बंदी प्रत्यक्षीकरणाचा: माणसाला डांबून ठेवणं कायदेशीर आहे का, हे कोर्टाने तपासावं, अशी मागणी करणारा. अशा अर्जांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारं कलम आपल्याकडे ३२ वं. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच कलमाला संपूर्ण घटनेचं हृदय आणि आत्मा म्हटलं होतं. पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हा दरवाजा बंद केला आणि न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. हा अर्ज ऐकलाच गेला नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही.

१७ एप्रिल २०२४ रोजी कोलंबियाच्या हिरवळीवर गाझाच्या समर्थनार्थ तंबू उभे राहिले. इस्रायलशी संबंधित कंपन्यांमधली गुंतवणूक विद्यापीठाने काढून घ्यावी, ही मुख्य मागणी. खलील तेव्हा व्हिसावर होते. व्हिसा जाईल या भीतीने आपण तंबूत राहायला गेलो नाही, असं त्यांनी त्या वेळी पत्रकारांना सांगितलं होतं. त्यांनी काम केलं ते विद्यार्थी आणि प्रशासन यांच्यात बोलणी करण्याचं. तोंडावर मुखवटा नाही, नाव लपवलेलं नाही. वाटाघाटी करणाऱ्याला तसं करून चालतही नाही. विद्यापीठाने एकदा त्यांना निलंबित केलं आणि पुरावा नसल्याने दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. ३० एप्रिलला काही आंदोलकांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, रात्री पोलिस आत शिरले आणि धरपकड झाली. अटक झालेल्यांत खलील नव्हते.

जे पडद्याआड राहिले त्यांच्यापर्यंत पोचायला सरकारला कष्ट पडले असते. जो माणूस समोर बसून, नावानिशी बोलत होता तो सगळ्यात आधी सापडला. पुढे बोस्टनच्या एका खटल्यात गृहसुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं, की आंदोलकांची माहिती काढण्यासाठी पाच हजारांच्या आसपास नावं तपासली गेली आणि त्यातली बरीचशी ‘कॅनरी मिशन’ या खासगी संकेतस्थळावरून घेतली होती. इस्रायलविरोधी वाटणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची नावं-फोटो जाहीर करणारं हे संकेतस्थळ चालवतं कोण, हे ते स्वतः सांगत नाही.

८ मार्चची रात्र

७ मार्च २०२५ रोजी ट्रम्प प्रशासनाने कोलंबियाचं ४० कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान रद्द केलं. त्याच दिवशी खलील यांनी विद्यापीठाच्या हंगामी अध्यक्षांना ईमेल पाठवला होता. समाजमाध्यमांवर आपल्याविरुद्ध मोहीम चालू आहे, इमिग्रेशनचे लोक किंवा कुणी माथेफिरू घरी येईल या भीतीने झोप लागत नाही, विद्यापीठाने संरक्षण द्यावं, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी शनिवार, रमजानचा महिना. इफ्तारहून नवरा-बायको रात्री साडेआठच्या सुमारास परतले तेव्हा विद्यापीठाच्या मालकीच्या त्यांच्या इमारतीच्या लॉबीत साध्या वेशातली माणसं थांबलेली होती.

पत्नीने मोबाइलवर घेतलेलं चित्रण जगभर पाहिलं गेलं. त्या आठ महिन्यांच्या गरोदर होत्या. चित्रणात एक अधिकारी ‘प्रतिकार करू नका’ म्हणतो आणि त्या सांगत राहतात, की ते प्रतिकार करत नाहीत, मला फोन देताहेत. खलील शांत आवाजात बायकोला म्हणतात, काही नाही, तू वकिलांना फोन कर. वकील एमी ग्रीअर फोनवरच होत्या. अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं की विद्यार्थी व्हिसा रद्द झाला आहे. विद्यार्थी व्हिसा नाहीच, ग्रीन कार्ड आहे, असं वकिलांनी म्हटल्यावर उत्तर आलं, मग तेही रद्द आहे. वकिलांनी वॉरंट मागितलं तेव्हा फोन कापला गेला. ग्रीन कार्ड असं तोंडी रद्द होत नाही, त्यासाठी इमिग्रेशन जजपुढे सुनावणी लागते. वॉरंटबद्दल सरकारने पुढे एप्रिलमध्ये कोर्टात मान्य केलं, की अटकेच्या वेळी ते नव्हतं. हा माणूस पळून जाईल अशी शक्यता होती म्हणून थांबता आलं नाही, असा त्यांचा खुलासा. लॉबीतल्या त्या चित्रणाशी हा खुलासा जुळवून पाहावा.

त्यानंतरचे काही तास या प्रकरणाचा कणा आहेत. खलील यांना आधी मॅनहॅटनच्या २६ फेडरल प्लाझाला नेलं. तिथून नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कोठडीत. रात्र थंड जमिनीवर गेली, मागूनही पांघरूण मिळालं नाही, असं त्यांनी नंतर लिहिलं. वकील इकडे आयसीईच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या अटका करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, कैदीशोध यंत्रणेवर बघत होते, तिथे ठिकाण न्यूयॉर्क दिसत होतं. म्हणून ९ मार्चला पहाटे ४:४० वाजता त्यांनी न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात हेबियस याचिका दाखल केली. प्रत्यक्षात तोवर खलील न्यू जर्सीत पोचलेले होते. आणि त्याच दिवशी त्यांना विमानाने लुईझियानाला हलवलं. जेना नावाच्या छोट्या गावातलं जिओ ग्रुप या खासगी कंपनीने चालवलेलं डिटेन्शन सेंटर, बायकोपासून आणि वकिलांपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर.

न्यूयॉर्क शहराजवळ कोठड्या नाहीत असं नाही. मग लुईझियाना का? सरकारने खाटांची कमतरता वगैरे प्रशासकीय कारणं दिली. वकिलांच्या वर्तुळात मात्र याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. लुईझियाना फिफ्थ सर्किट या अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं आणि परदेशी नागरिकांच्या बाबतीत ते देशातल्या सगळ्यात कडक न्यायालयांपैकी एक. शिवाय २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होसे पादिया यांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मताने ठरवून ठेवलं आहे, की हेबियसचा अर्ज कैदी ज्या जिल्ह्यात बंद आहे तिथेच करायचा. पादिया यांनाही न्यूयॉर्कहून साउथ कॅरोलिनाला हलवल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये अर्ज झाला होता आणि तो चुकीच्या ठिकाणी केला म्हणून फेटाळला गेला. खलील यांच्या बाबतीत हेच घडवायचं होतं.

ते घडलं नाही, कारण वकील सकाळ व्हायची वाट बघत बसले नाहीत. १० मार्चला न्यायाधीश जेसी फर्मन यांनी कोर्टाच्या परवानगीशिवाय खलील यांना देशाबाहेर काढायला मनाई केली. १९ मार्चला त्यांनी निर्णय दिला, की याचिका दाखल झाली त्या मिनिटाला कैदी न्यू जर्सीत होता, तेव्हा प्रकरण न्यू जर्सीला जाईल, लुईझियानाला नाही. चुकीच्या कोर्टात दाखल झालेलं प्रकरण योग्य कोर्टाकडे वर्ग केलं, तर ते पहिल्याच वेळी तिथे दाखल झालं असं धरायचं, अशी कायद्यात तरतूद आहे. तिचा आधार घेतला गेला. याचिकेला आणखी आठ-दहा तास उशीर झाला असता तर १०४ दिवसांनंतरची ती सुटकाही झाली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

दोन पानांचं पत्र

अटकेचं कायदेशीर कारण काय? १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे. एखाद्या परदेशी व्यक्तीच्या असण्याने किंवा कृतींनी अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर गंभीर विपरीत परिणाम होऊ शकतो, असं परराष्ट्रमंत्र्यांना वाजवी कारणाने वाटलं, तर तिला हद्दपार करता येतं. शीतयुद्धात या अधिकाराचा गैरवापर झाला म्हणून १९९० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याला वेसण घातली. जे बोलणं किंवा ज्या संघटनांतलं सदस्यत्व अमेरिकेत कायदेशीर आहे, त्यावरून असं करता येणार नाही. पण पुढे एक पळवाटही ठेवली: मंत्र्याने स्वतः ठरवलं की अत्यंत महत्त्वाच्या परराष्ट्रीय हिताला बाधा येते, तर करता येईल.

परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी नेमका याच वाटेचा वापर केला. इमिग्रेशन जज जेमी कोमन्स यांनी पुरावा मागितल्यावर एप्रिलमध्ये सरकारने रुबिओ यांचं दोन पानी पत्र दाखल केलं. त्यात कुठल्या गुन्ह्याचा उल्लेख नव्हता. ज्यूविरोधी निदर्शनांमध्ये आणि गोंधळ माजवणाऱ्या कृतींमध्ये खलील यांचा सहभाग होता, त्याने ज्यू विद्यार्थ्यांसाठी वैराचं वातावरण तयार होतं आणि अमेरिकेचं ज्यूविरोधाशी लढण्याचं धोरण कमकुवत होतं, एवढं म्हटलं होतं. माणसाच्या श्रद्धा, विधानं आणि संबंध, ‘भूतकाळातले, आताचे किंवा अपेक्षित’, एरवी कायदेशीर असले तरी चालतील, असंही. यातल्या ‘अपेक्षित’पाशी थांबायला हवं. उद्या जे बोलण्याची शक्यता आहे, त्यासाठी आज हद्दपारी.

११ एप्रिलला जेनाच्या सुनावणीत कोमन्स यांनी निर्णय दिला, की मंत्र्याचं पत्र पुरेसं आहे, त्यावर शंका घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या वाचकांची इथे एक गफलत होऊ शकते. अमेरिकेतला इमिग्रेशन जज हा न्यायव्यवस्थेचा भाग नाही. तो न्याय खात्याचा, म्हणजे सरकारचाच कर्मचारी. त्याच्या निर्णयावर अपील होतं ते ज्या मंडळाकडे, तेही त्याच खात्यात. तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. मंडळाने शेवटचा निर्णय दिल्यावरच खऱ्या न्यायालयात जाता येतं आणि तोवर माणूस कोठडीत असू शकतो, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं.

त्या कलमाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९९५ मध्ये मेक्सिकोचे माजी उपमहाधिवक्ता मारिओ रुइझ मासिऊ यांना न्यूअर्कच्या विमानतळावर धरलं होतं. मेक्सिकोने मागितलेलं प्रत्यार्पण अमेरिकन कोर्टांनी पुन्हा पुन्हा नाकारल्यावर तेव्हाचे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी याच कलमाचं पत्र काढलं. प्रकरण न्यू जर्सीच्याच केंद्रीय न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये तिथल्या न्यायाधीश मेरीअॅन ट्रम्प बॅरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. होय, डोनाल्ड ट्रम्प यांची सख्खी बहीण. न्यू जर्सी ज्याच्या हद्दीत येतं त्या थर्ड सर्किट या अपील न्यायालयाने तो निकाल उलटवला, पण कलम घटनेत बसतं म्हणून नव्हे. आधी इमिग्रेशनच्या सगळ्या पायऱ्या चढून या, मग बघू, एवढंच कारण. तो निकाल लिहिला होता सॅम्युएल अलिटो यांनी, जे आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. म्हणजे कलम घटनेत बसतं का, या प्रश्नाला तेव्हाही वरच्या कोर्टाने हात लावला नाही.

मूल, काच आणि जामीन

रुबिओ यांचं पत्र एकटं टिकेल याची सरकारलाही खात्री नसावी. अटकेनंतर आठवड्याभराने त्यांनी दुसरा आरोप जोडला: ग्रीन कार्डच्या अर्जात खलील यांनी माहिती दडवली. संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासित संस्थेतला अनुभव, ब्रिटिश दूतावासातल्या नोकरीचा पूर्ण कालावधी आणि कोलंबियातल्या आंदोलक आघाडीचं सदस्यत्व लिहिलं नाही, असं म्हणणं. खलील यांच्या वकिलांनी हे सगळं नाकारलं. अर्जातल्या रकान्यांवरून एरवी क्वचितच कुणाला कोठडीत ठेवतात. पण अटक आधी आणि कारण नंतर असा क्रम असला की रकाने तपासले जातातच. परदेशात राहणाऱ्या कुणाही मराठी कुटुंबाने एवढं तरी इथून घ्यावं: इमिग्रेशनच्या अर्जातली प्रत्येक नोकरी, प्रत्येक इंटर्नशिप, प्रत्येक संस्था लिहावी, किरकोळ वाटली तरी.

२१ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये मुलगा झाला. बाळंतपणासाठी दोन आठवडे सोडावं, पायाला मॉनिटर लावावा, रोज हजेरी घ्यावी, असे पर्याय वकिलांनी आदल्या दिवशी ईमेलने सुचवले होते. तासाभराच्या आत नकार आला. पुढे महिन्याने आई बाळाला घेऊन जेनाला गेली तेव्हा भेट काचेआडूनच होईल, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यासाठीही न्यू जर्सीच्या न्यायाधीशाला आदेश काढावा लागला. २२ मे रोजी, सुनावणीच्या दिवशीच, बापाने मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं. माणूस धोकादायक आहे असा एकही पुरावा सरकारने कुठे दिलेला नव्हता. मग महिन्याच्या बाळाला बापापासून काचेने वेगळं ठेवण्यात कुठलं धोरण साधत होतं? याला क्रूरपणा म्हणायला मला संकोच वाटत नाही.

न्यू जर्सीचे न्यायाधीश मायकेल फार्बियार्झ यांनी प्रकरण घाईने चालवलं नाही. त्यांचे निकाल लांब, कोरडे आणि काटेकोर आहेत. २८ मे रोजी त्यांनी म्हटलं, की परराष्ट्र धोरणाचं कलम ज्या प्रकारे इथे लावलं आहे ते बहुधा घटनाबाह्य आहे, कारण कुठल्या वागण्याने आपण त्यात सापडू हे सामान्य माणसाला कळणं शक्य नाही. ११ जूनला त्यांनी त्या कारणावरून कोठडीत ठेवायला मनाई केली. सुटका तरी झाली नाही. १३ जूनला सरकारने कळवलं, की आता दुसऱ्या आरोपावरून ठेवलं आहे. अखेर २० जूनला फार्बियार्झ यांनी जामीन दिला. हा माणूस पळून जाईल किंवा कुणाला इजा करेल असं सरकारने दाखवलेलं नाही आणि अर्जातल्या माहितीवरून कायमस्वरूपी रहिवाशाला असं डांबून ठेवणं अतिशय असाधारण आहे, हे त्यांचं कारण. त्याच संध्याकाळी खलील जेनाच्या फाटकातून बाहेर आले.

त्याच महिन्यांतले इतर तिघे

तुलनेशिवाय हे प्रकरण पुरतं कळत नाही. १७ मार्चला जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना व्हर्जिनियात उचललं, आधी लुईझियाना मग टेक्सासला नेलं. १४ मे रोजी कोर्टाने सोडलं. २५ मार्चला टफ्ट्स विद्यापीठाच्या तुर्की विद्यार्थिनी रुमेयसा ओझतुर्क यांना बोस्टनजवळ भर रस्त्यात मुखवटे घातलेल्या माणसांनी घेरलं. त्यांच्याविरुद्ध ठोस असं एकच दाखवता आलं: विद्यापीठाच्या वृत्तपत्रातला एक लेख, तोही चौघांनी मिळून लिहिलेला. वकिलांनी मॅसॅच्युसेट्समध्ये याचिका टाकली तोवर गाडी राज्याची हद्द ओलांडून व्हरमाँटच्या वाटेवर होती, सकाळी विमान लुईझियानाला. तीच पद्धत. ९ मे रोजी व्हरमाँटच्या न्यायाधीशांनी त्यांना सोडलं.

आणि मोहसेन महदावी. कोलंबियाचेच विद्यार्थी, ग्रीन कार्डधारक, खलील यांचे आंदोलनातले सहकारी. १४ एप्रिलला नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी ते व्हरमाँटमधल्या कार्यालयात गेले आणि तिथेच बेड्या पडल्या. असं होणार याची शंका त्यांना आधीच होती, वकिलांचे कागद तयार होते. त्याच दिवशी न्यायाधीशाने व्हरमाँटबाहेर न्यायला मनाई केली. विमानतळापर्यंत नेलेलं होतं, विमान थोडक्यात हुकलं. महदावी यांची सुटका ३० एप्रिलला, सोळा दिवसांत झाली. परराष्ट्रमंत्री तेच, कायद्याचं कलम तेच, विद्यापीठही तेच. एकाला १०४ दिवस लागले, दुसऱ्याला सोळा. फरक एवढाच, की महदावी व्हरमाँटमध्येच राहिले.

सरकारची बाजू

सरकारचं म्हणणं नीट मांडायला हवं, नाहीतर अभ्यास कसला. अमेरिकेत येणं हा परदेशी नागरिकाचा हक्क नाही, व्हिसा ही सवलत आहे, दंगा घालणाऱ्यांना ती कशाला द्यायची, असं रुबिओ वारंवार म्हणाले. कोलंबियात ज्यू विद्यार्थ्यांना खरोखर त्रास झाला, हे विद्यापीठाच्या स्वतःच्या समितीने नोंदवलं आहे. ज्या आघाडीच्या वतीने खलील बोलणी करत होते तिने पुढे सशस्त्र प्रतिकाराचं उघड समर्थन केलं. खलील यांनी २०२४ मध्येच सीएनएनवर ज्यूविरोधाला आंदोलनात जागा नाही असं सांगितलं होतं, पण सुटकेनंतरच्या मुलाखतीत हमासचा नाव घेऊन निषेध करण्याऐवजी सर्वच नागरिकांच्या हत्येचा निषेध करतो, असं उत्तर दिलं. त्यावर टीका झाली आणि ती टीका करायचा लोकांना अधिकार आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. धमकी, मारहाण, इमारतीचा कब्जा यांसाठी फौजदारी कायदा आहे. तिथे आरोपपत्र द्यावं लागतं, साक्षीदार उभा करावा लागतो, आरोपीला उलटतपासणी मिळते. सरकारने तो रस्ता घेतलाच नाही. हमासची पत्रकं वाटली असं व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या पत्रकारांना म्हणाल्या, पण ती पत्रकं इमिग्रेशन कोर्टातल्या पुराव्यात आली नाहीत. ‘पुढच्या अनेक अटकांमधली ही पहिली’ असं स्वतः राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. जाहीर वक्तव्यांत एक आणि कोर्टातल्या कागदांत दुसरं, अशी ही मांडणी होती.

बोस्टनच्या ज्या खटल्याचा वर उल्लेख आला तो प्राध्यापकांच्या संघटनांनी लावला होता. ३० सप्टेंबर २०२५ रोजी रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश विल्यम यंग यांनी त्यात निकाल दिला, की अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला अभिव्यक्तीचा तोच हक्क आहे जो नागरिकाला आहे, आणि सरकारने इतरांना धाक बसावा म्हणूनच या माणसांना वेचून उचललं. धाक बसला, हे खरं. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी प्रणालीतून अचानक रद्द झाल्या, त्यात भारतीय मोठ्या संख्येने होते. अनेकांचं निमित्त एखादी जुनी वाहतूक-तक्रार, आंदोलनाशी काही संबंध नसलेली. खटल्यांचा पाऊस पडल्यावर एप्रिलअखेर त्या परत चालू झाल्या. जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं गेलं. पुण्या-नाशिकच्या घरांत शैक्षणिक कर्जाचे हप्ते मोजणारे आईबाप मुलांना फोनवर ‘काही लिहू नकोस रे बाबा’ म्हणतात, ते उगीच नाही. मी त्यांना दोष देणार नाही. पण असं सांगावं लागतं, यातच सरकारचं काम झालं.

पुन्हा दाराशी

सप्टेंबर २०२५ मध्ये कोमन्स यांनी दुसऱ्या आरोपावर, म्हणजे अर्जातल्या माहितीवर, खलील यांना अल्जीरिया किंवा सीरियाला पाठवण्याचा आदेश दिला. इमिग्रेशन जज अशा चुकीला माफी देऊ शकतो. बायको आणि मूल अमेरिकन असताना ती मिळण्याची शक्यता चांगली मानली जाते. कोमन्स यांनी ती नाकारली. फार्बियार्झ यांचा मनाईहुकूम असल्याने लगेच पाठवता आलं नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी थर्ड सर्किटने, म्हणजे १९९६ चा तो निकाल देणाऱ्याच अपील न्यायालयाने, दोन विरुद्ध एक मताने ठरवलं, की फार्बियार्झ यांना हे प्रकरण ऐकायचा अधिकारच नव्हता. खलील यांनी आधी इमिग्रेशनची पूर्ण वाट चालावी, मंडळाचा शेवटचा आदेश येऊ द्यावा आणि मग अपील न्यायालयात यावं. रुबिओ यांचं पत्र घटनेत बसतं का, यावर बहुमताने काहीच म्हटलं नाही. असहमत न्यायाधीश अरियाना फ्रीमन यांचा मुद्दा सरळ होता: कोठडीमुळे आज होणारं नुकसान नंतरच्या अपिलात भरून निघत नाही, म्हणून ते आजच ऐकायला हवं. निकाल लगेच अमलात येणार नव्हता. फेरविचाराची मागणी करायला मुदत होती.

आणि कायद्याप्रमाणे मंडळाच्या शेवटच्या आदेशावरचं अपील जातं ते इमिग्रेशन जज जिथे बसला होता तिथल्या सर्किटकडे. कोमन्स बसल्या होत्या जेनाला, म्हणजे फिफ्थ सर्किटच्या हद्दीत.